डेटाबेस रिस्टोअर करताना माणसाच्या चुकीने दुसरा अपघात होऊ नये म्हणून काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या संस्थेत पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा एक प्रायमरी (मुख्य) सर्व्हर आणि एक रेप्लिका (त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत) आहे, रोज रात्री पूर्ण बॅकअप निघतो, वॉल फाइली (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदी) सतत दुसरीकडे साठवल्या जातात आणि हे सगळे तीन माणसे सांभाळतात. बॅकअप निघतात याची त्यांना खात्री आहे. परंतु प्रत्यक्ष रिस्टोअर करण्याची, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणण्याची, वेळ आली, तर घाईगडबडीत एखादी चुकीची कमांड जाऊन उरलासुरला डेटाही जाऊ नये, यासाठी आधीपासून कोणती तजवीज करावी, हे त्यांना हवे आहे.

'सावधपणे काम करावे' हे यावरचे नेहमीचे उत्तर आहे आणि ते जवळजवळ निरुपयोगी आहे. रिस्टोअरची वेळ येते तीच मुळी बिघाड झाल्यावर. सेवा बंद असते, फोन वाजत असतात, वरिष्ठ दर दहा मिनिटांनी 'किती वेळ लागेल' असे विचारत असतात, आणि काम करणारा माणूस बहुधा दिवसभराच्या कामाने थकलेला असतो. तेव्हा नेमक्या ज्या वेळी सावधपणाची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी तो सर्वांत कमी उरलेला असतो. माझ्या पाहण्यात अशा प्रसंगांतले कायमचे नुकसान डेटा परत आणण्याच्या पायरीत क्वचितच होते. ते तिच्या आधीच्या, जागा मोकळी करण्याच्या पायरीत होते: जुनी डिरेक्टरी पुसणे, जुना डेटाबेस ड्रॉप करणे, डिस्क भरली म्हणून 'नको असलेल्या' फाइली काढणे. या गोष्टी रिस्टोअरचाच भाग समजल्या जातात. त्या तशा समजू नयेत, आणि रिस्टोअरच्या संपूर्ण कार्यपद्धतीत पुसण्याची एकही आज्ञा असू नये, हे माझे मुख्य सांगणे आहे. पुढचे बरेचसे त्यातूनच निघते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉम या सॉफ्टवेअर प्रकल्प साठवणाऱ्या सेवेवर जे घडले, ते या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. कंपनीने आपला अहवाल जाहीर केला आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, त्यामुळे तपशील सर्वांसाठी खुले आहेत. त्या संध्याकाळी डेटाबेसवर असाधारण भार आला आणि रेप्लिका इतकी मागे पडली की तिला लागणाऱ्या वॉल फाइली प्रायमरीवरून आधीच निघून गेल्या होत्या. त्यांचा वेगळा साठा ठेवलेला नसल्याने रेप्लिका नव्याने भरून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यासाठी पीजी बेसबॅकअप हे साधन चालवतात आणि त्याला समोरची डिरेक्टरी रिकामी लागते. साधन चालवले, पण ते पडद्यावर काहीही न दाखवता नुसते थांबून राहिले. काही सेटिंग बदलून पुन्हा पाहिले, तरी तेच. अखेर यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) रात्री अकराच्या सुमारास, डिरेक्टरीत आधीच्या प्रयत्नांतले काहीतरी उरले असावे आणि साधन त्यालाच अडखळत असावे, अशा समजुतीने अभियंत्याने ती डिरेक्टरी पुसण्याची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले की ती रेप्लिकेवर नव्हे, प्रायमरीवर चालली आहे. थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइटच्या आसपास उरले होते.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो. रोजचा डंप (डेटाबेस पुन्हा उभा करण्यासाठी फाइलीत काढलेली प्रत) निघतच नव्हता, कारण ९.६ आवृत्तीच्या सर्व्हरवर ९.२ आवृत्तीचे पीजी डंप हे डंप काढणारे साधन चालत होते. तो निघत नसल्याचे सांगणारे ईमेल पडताळणीच्या नियमांत न बसल्यामुळे परस्पर नाकारले जात होते. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी क्लाउडवरील डिस्क स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रती) चालूच केलेले नव्हते. जे वाचले ते केवळ सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे. तो स्टेजिंगच्या (चाचणीच्या व्यवस्थेच्या) संथ डिस्कवर असल्याने फक्त कॉपी व्हायला सुमारे १८ तास लागले. सहा तासांच्या आसपासचा डेटा गेला. कंपनीच्या अंदाजानुसार त्याचा फटका सुमारे ५,००० प्रकल्पांना, ५,००० टिप्पण्यांना आणि ७०० नव्या खात्यांना बसला.

या घटनेची चर्चा नेहमी 'बॅकअप तपासत जा' इथेच संपते. ते खरेच आहे, पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचा आहे तो कमांड देण्याच्या आधीचा तास. डिरेक्टरी पुसणे हा तिथल्या नेहमीच्या कार्यपद्धतीचाच भाग होता, त्यामुळे ती कमांड देताना हात अडखळण्याचे कारण नव्हते. दोन्ही सर्व्हरच्या नावांत फरक होता फक्त एका अंकाचा, डीबी १ आणि डीबी २. आणि पीजी बेसबॅकअप अडकलेले नव्हतेच. प्रायमरीचा चेकपॉइंट (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचे काम) पूर्ण होण्याची ते वाट पाहत होते, जे त्याचे नेहमीचे वर्तन आहे. ते शांत राहिले म्हणून माणसाने तर्क केला, आणि तर्क चुकीचा असला तरी त्यावर कृती करणे सोपे होते. कार्यपद्धतीच्या कागदावर 'या पायरीत बराच वेळ काहीही दिसणार नाही, वाट पाहावी' एवढी ओळ असती, तर ती कमांड देण्याचे कारणच उरले नसते. म्हणून आपल्या कागदावर प्रत्येक आज्ञेपुढे ती साधारण किती वेळ घेते, सुरळीत चालू असताना पडद्यावर काय दिसते आणि काय दिसल्यास थांबून दुसऱ्याला हाक मारायची, हे लिहावे. पीजी बेसबॅकअपला प्रगती दाखवण्याचा आणि चेकपॉइंट लगेच घेण्याचा असे दोन पर्याय देता येतात. ते त्या आज्ञेत कायमचेच घालून ठेवावेत.

आता पुसण्याऐवजी काय करावे ते पाहू. रिस्टोअर नेहमी नव्या जागी करावे: शक्यतो नव्या मशीनवर, ते नसेल तर नव्या डिरेक्टरीत, आणि डंप असेल तर नव्या नावाच्या डेटाबेसमध्ये. तपासणी झाल्यावर अनुप्रयोगाची जोडणी नव्या जागेकडे वळवावी. जुनी डिरेक्टरी वाटेत येत असेल, तर सर्व्हर थांबवून तिचे नाव बदलावे आणि त्या नावात तारीख, वेळ व करणाऱ्याची आद्याक्षरे घालावीत. नाव बदलण्याची कमांड चुकून भलत्या मशीनवर गेली तर सेवा कोलमडेल, आरडाओरडा होईल, पण फाइली जागेवर राहतील आणि नाव पूर्ववत करून सर्व्हर पुन्हा उठवता येईल. पुसण्याच्या कमांडला असा परतीचा रस्ता नसतो. बिघडलेला डेटाबेसही टाकाऊ समजू नये. शेवटच्या बॅकअपनंतर झालेल्या नोंदी कित्येकदा त्यातूनच मिळतात आणि बिघाडाचे कारणही तिथेच सापडते.

यावरचा नेहमीचा आक्षेप जागेचा असतो. दोन प्रती मावतील एवढी डिस्क नसते, म्हणून जुनी पुसावी लागते असे सांगितले जाते. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर खरेदीच्या वेळी द्यायचे असते, रिस्टोअरच्या रात्री नव्हे. डेटाबेसच्या सध्याच्या आकाराएवढी रिकामी जागा कायम राखून ठेवणे, किंवा क्लाउडवर असाल तर मोठी डिस्क तासाभरात मिळवण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवणे, हा माझ्या मते सर्वांत स्वस्त विमा आहे. डिस्क भरल्यावर माणसे काय पुसतात याचा पोस्टग्रेसच्या विकासकांनाही अनुभव आहे. वॉल फाइलींच्या डिरेक्टरीचे नाव पूर्वी 'पीजी एक्सलॉग' असे होते. नावात 'लॉग' दिसल्यामुळे ती साध्या नोंदींची डिरेक्टरी समजून लोक पुसून टाकत आणि डेटाबेस निकामी होत असे. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत तिचे नाव 'पीजी वॉल' आणि 'पीजी सीलॉग'चे 'पीजी एक्सॅक्ट' करण्यात आले. अशी नावे बदलणे हा दिसायला किरकोळ वाटणारा, पण खरा बंदोबस्त आहे. आपल्या दोन सर्व्हरची नावेही एका अंकाने वेगळी असतील, तर ती याच आठवड्यात बदलून घ्यावीत, आणि नावात प्रायमरी किंवा रेप्लिका हे शब्द मात्र घालू नयेत, कारण भूमिका बदलतात आणि नावे तशीच राहतात.

टर्मिनलच्या प्रॉम्प्टला प्रोडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) लाल रंग देण्याची पद्धत चांगली आहे. तिचा उपयोग होतो, पण तिच्यावर विसंबू नये, कारण महिनाभरात डोळ्यांना लालची सवय होते. त्यापेक्षा तपासणी स्क्रिप्टकडे सोपवावी. कोणतीही धोक्याची पायरी सुरू होण्यापूर्वी स्क्रिप्टने स्वतः पाहावे की मशीनचे नाव अपेक्षित आहे का, हा सर्व्हर रिकव्हरी अवस्थेत (म्हणजे प्रायमरी नव्हे) आहे की नाही, त्याला अनुप्रयोगाच्या जोडण्या आहेत का आणि शेवटचा व्यवहार किती वेळापूर्वी झाला. गेल्या मिनिटात व्यवहार झालेल्या डेटाबेसवर रिस्टोअर करायला ती स्क्रिप्ट सरळ नकार देईल. 'हो की नाही' असे विचारणारी सूचना मात्र व्यर्थ आहे. तिच्यावर 'हो' दाबणे हे बोटांच्या अंगवळणी पडलेले असते. विचारायचेच असेल तर डेटाबेसचे पूर्ण नाव टाइप करायला लावावे.

साधनांमध्ये असे अडथळे मुळातच दिलेले असतात आणि घाईत आपणच ते मोडतो. पीजी बॅकरेस्ट हे पोस्टग्रेसचे बॅकअप साधन रिकाम्या नसलेल्या डिरेक्टरीत सहसा रिस्टोअर करत नाही. 'डेल्टा' किंवा 'फोर्स' हा पर्याय दिला की करते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'रिप्लेस' हा शब्द जोडला की दुसऱ्याच डेटाबेसवर लिहिले जाऊ नये म्हणून असलेली आणि लॉगचा शेवटचा भाग जपला आहे का हे पाहणारी तपासणी, दोन्ही बंद होतात. इंटरनेटवर सापडणाऱ्या कित्येक उत्तरांत हा शब्द सहजपणे लिहिलेला असतो. आपल्या कागदावर असे शब्द ठळक करून ठेवावेत आणि ते वापरायचे झाल्यास दुसऱ्या माणसाची संमती सक्तीची करावी.

रिस्टोअर सुरू करण्याच्याही आधी एक काम असते, ज्याचा विसर पडतो. बॅकअपची मुदत संपवून जुन्या प्रती काढणारे जे काम रोज आपोआप चालते, ते सर्वप्रथम थांबवावे. नाहीतर आपण इकडे झगडत असताना, तिकडे मध्यरात्री बिघडलेल्या डेटाबेसचा नवा 'यशस्वी' बॅकअप निघतो आणि आपल्याला हवी असलेली सर्वांत जुनी चांगली प्रत नियमाप्रमाणे बाद होते. त्याच कारणासाठी, रिस्टोअर करणाऱ्या खात्याला बॅकअपचा साठा वाचता यावा, पण त्यातले काही पुसता येऊ नये.

पूर्ण रिस्टोअर खरोखर हवे आहे का, हेही तेव्हाच ठरवावे. एका टेबलातल्या काही ओळी चुकून गेल्या असतील, तर संपूर्ण डेटाबेस मागे नेल्याने इतर सर्वांचे त्यानंतरचे काम पुसले जाते. अशा वेळी बॅकअप शेजारी वेगळा उभा करावा, हव्या त्या ओळी तेथून काढाव्यात आणि चालू डेटाबेसमध्ये एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होईल किंवा काहीच होणार नाही अशा एका व्यवहारात) घालाव्यात. ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीला एप्रिल २०२२ मध्ये याची मोठी किंमत मोजावी लागली. अनुप्रयोगाच्या ओळख-क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या पूर्ण साइटचे ओळख-क्रमांक एका स्क्रिप्टला दिले गेले, आणि सुमारे ७७५ ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या. बॅकअप होते आणि चांगले होते. पण सामायिक व्यवस्थेतून, इतरांना धक्का न लावता, एवढ्या ग्राहकांचाच भाग परत आणण्याची तयार पद्धत नव्हती. काहींना सेवा परत मिळायला दोन आठवड्यांच्या आसपास लागले. आंशिक रिस्टोअरची रंगीत तालीम म्हणूनच वेगळी करावी लागते. बहुतेक संस्था ती कधीच करत नाहीत, आणि बहुतेक संस्थांना प्रत्यक्षात गरज तिचीच पडते.

डंपवरून काम करणार असाल, तर लक्ष्य चुकण्याचा धोका फाइलीच्या पोटातच असतो. पीजी डंपने 'क्रिएट' हा पर्याय देऊन साध्या मजकुराच्या रूपात काढलेल्या फाइलीत मूळ नावाचा डेटाबेस बनवण्याची आणि लगेच त्याला जोडून घेण्याची आज्ञा लिहिलेली असते. आपण पीएसक्यूएल या आज्ञा चालवणाऱ्या साधनाला कितीही स्पष्टपणे तपासणीच्या डेटाबेसचे नाव दिले, तरी ती आज्ञा येताच जोडणी मूळ नावाकडे वळते. काढताना 'क्लीन' हा पर्यायही दिलेला असेल, तर मूळ डेटाबेस ड्रॉप करण्याचा प्रयत्न आधी होतो. पीजी रिस्टोअरला 'क्रिएट' सांगितले, तर तिथेही आपण दिलेले डेटाबेसचे नाव केवळ पहिल्या जोडणीपुरते वापरले जाते आणि डेटा आर्काइव्हमधल्या मूळ नावाखाली जातो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीचे मायएसक्यूएलडंप तर काही न सांगताच प्रत्येक टेबलाआधी 'असल्यास ड्रॉप करा' ही ओळ घालते, आणि 'डेटाबेसेस' हा पर्याय वापरला असेल तर 'यूज' ही आज्ञाही लिहून ठेवते. म्हणून साध्या मजकुराची कोणतीही डंप फाइल चालवण्याआधी ड्रॉप, क्रिएट, कनेक्ट आणि यूज हे शब्द तिच्यात शोधून पाहावेत.

याहून पक्का उपाय म्हणजे जिथून प्रोडक्शनपर्यंत पोहोचताच येत नाही अशा मशीनवर रिस्टोअर करणे. त्या मशीनवर प्रोडक्शनचा पासवर्ड साठवलेला नसावा, होस्टचे नाव देणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मागच्या कामातून उरलेले नसावे आणि नेटवर्कच्या पातळीवरही वाट बंद असावी. मग फाइलीत काहीही लिहिलेले असो, तिची मजल तेवढ्याच मशीनपर्यंत.

डंपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पीएसक्यूएल चुकीची ओळ आली तरी ती दाखवून पुढे जाते, आणि पीजी रिस्टोअरही मुळात तसेच करून अखेरीस दुर्लक्षित चुकांची संख्या सांगते. थकलेल्या माणसाला 'काम संपले' एवढेच दिसते. पहिल्या चुकीला थांबण्याचा पर्याय आणि सगळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करण्याचा पर्याय दोन्हीकडे आहेत. समांतर रिस्टोअर करताना दुसरा वापरता येत नाही, पण पहिला वापरता येतो. पीजी डंपच्या फाइलीत वापरकर्ते आणि भूमिका नसतात, त्या पीजी डंपऑलने वेगळ्या काढाव्या लागतात, हेही कागदावर असू द्या; नाहीतर पहिल्याच चुकीला थांबलेले रिस्टोअर पाहून कोणीतरी ते थांबणे बंद करून टाकते.

विशिष्ट क्षणापर्यंत डेटा आणायचा असेल, तर चुका बहुधा वेळेच्या असतात. वापरकर्ता सांगतो 'दुपारी तीन वाजता सगळे गेले', सर्व्हरच्या नोंदी यूटीसीत असतात आणि दोन्हींत साडेपाच तासांचे अंतर असते. पोस्टग्रेसमध्ये रिकव्हरी टार्गेट टाइम (डेटा कोणत्या क्षणापर्यंत आणायचा ती वेळ) लिहिताना वेळपट्ट्याचे संक्षिप्त नाव वापरू नये, यूटीसीपासूनचा आकडी फरक लिहावा, असे अधिकृत दस्तऐवजांतच सांगितले आहे. आपल्याकडे याचे वेगळे कारणही आहे. पोस्टग्रेसच्या अनेक आवृत्त्यांच्या मूळ मांडणीत 'आयएसटी' याचा अर्थ भारतीय प्रमाणवेळ नसून इस्राएलची प्रमाणवेळ असा घेतला जातो, म्हणजे यूटीसीच्या फक्त दोन तास पुढे. नोंदी शोधण्यासाठी लिहिलेल्या क्वेरीत हे संक्षेप वापरले, तर साडेतीन तासांची चूक गुपचूप आत येते. मायएसक्यूएलच्या बदलांच्या नोंदी वाचणाऱ्या मायएसक्यूएलबिनलॉगला थांबण्याची वेळ दिली, तर ती ज्या मशीनवर ते चालते त्या मशीनच्या स्थानिक वेळेप्रमाणे वाचली जाते. तपासणीचे मशीन यूटीसीवर असेल, तर पुन्हा तोच साडेपाच तासांचा घोळ. त्यामुळे कागदावर वेळ नेहमी दोन्ही रूपांत, शेजारी शेजारी लिहावी आणि दुसऱ्या माणसाने ती स्वतंत्रपणे काढून ताडून पाहावी. घड्याळेही जुळलेली हवीत. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या संस्थांना आपल्या यंत्रणांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळती ठेवणे अपेक्षित आहे. इथे त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो.

चुकीच्या व्यवहाराचा क्रमांकच सापडला, तर वेळेपेक्षा तो अधिक नेमका. मात्र त्यात एक खोच आहे. रिकव्हरी टार्गेट इन्क्लुझिव्ह ही सेटिंग मुळात चालू असते, म्हणजे लक्ष्य म्हणून दिलेला व्यवहार धरून डेटा आणला जातो. ज्या व्यवहाराने डेटा पुसला त्याचाच क्रमांक देऊन ही सेटिंग तशीच ठेवली, तर काही तास खर्चून आपण पुसलेला डेटाबेसच परत मिळवतो. ती बंद करावी.

लक्ष्यावर पोहोचल्यावर पोस्टग्रेस मुळात थांबून राहते, आणि हॉट स्टँडबाय (रिकव्हरी चालू असताना वाचू देणारी सेटिंग) चालू असेल तर त्या अवस्थेत डेटा वाचून पाहता येतो. ही सोय अमूल्य आहे, तरी घाईत लोक थेट 'प्रमोट' (म्हणजे लगेच लेखनासाठी खुला करणे) लिहून ती गमावतात. थांबलेल्या अवस्थेतून सर्व्हर बंद करून, लक्ष्य पुढचे देऊन, तेथूनच पुढे जाता येते. मागे मात्र जाता येत नाही. त्यासाठी बेस बॅकअपपासून (मूळ पूर्ण बॅकअपपासून) पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून पहिले लक्ष्य जाणूनबुजून थोडे आधीचे ठेवावे, पाहावे आणि मग पुढे सरकावे. ओरॅकल या डेटाबेस प्रणालीत हीच शिस्त रीसेटलॉग्जच्या (डेटाबेस लेखनासाठी उघडणाऱ्या शेवटच्या पायरीच्या) आधी डेटाबेस फक्त वाचनासाठी उघडून पाळता येते. आणि तपासणीसाठी उभ्या केलेल्या प्रतीत वॉल साठवण्याची आज्ञा बंद करावी. ती प्रोडक्शनच्याच सेटिंगसह उठली, तर तिच्या फाइली खऱ्या साठ्यात मिसळू लागतात आणि पुढच्या रिस्टोअरच्या वेळी कोणती फाइल कोणाची, हे उलगडणे फार कष्टाचे होते.

डेटाबेस उघडल्यानंतर धोका दिशा बदलतो. परत आणलेल्या प्रतीला जोडलेला अनुप्रयोग जुन्या रांगेतले एसएमएस पुन्हा पाठवू शकतो, देयके पुन्हा टाकू शकतो. त्यामुळे तपासणी संपेपर्यंत बाहेर जाणारे सर्व मार्ग नेटवर्कवरच बंद ठेवावेत. गिटलॅबच्या स्टेजिंगमधून वेबहुक (बाहेरच्या सेवांना आपोआप जाणाऱ्या सूचना) याच काळजीपोटी काढलेले असत; पण रिस्टोअर त्याच प्रतीवरून करावे लागल्याने ते मागाहून वेगळे आणावे लागले. त्याच वेळी त्यांनी एक शहाणपणाची गोष्टही केली. डेटाबेसमधले सर्व अनुक्रम (नव्या नोंदींना पुढचा क्रमांक देणारे काउंटर) त्यांनी १,००,००० ने पुढे ढकलले, जेणेकरून हरवलेल्या सहा तासांत वाटले गेलेले क्रमांक नव्या नोंदींना पुन्हा मिळू नयेत. पावती क्रमांक, अर्ज क्रमांक लोकांच्या हातात पोहोचलेले असतात. तोच क्रमांक दुसऱ्या माणसाला गेला, तर तो गोंधळ डेटाबेसमध्ये दिसत नाही, काउंटरवर दिसतो.

तिघांच्या गटात कामाची वाटणी अशी करावी असे मी सुचवेन. एकाच्या हाती कीबोर्ड. दुसरा शेजारी बसून किंवा पडदा सामायिक करून प्रत्येक आज्ञा एंटर दाबण्यापूर्वी मोठ्याने वाचतो, आणि त्याला कारण न देता थांबवण्याचा अधिकार असतो. तिसरा फक्त फोन आणि वरिष्ठांना उत्तरे देतो. तो कीबोर्डजवळ फिरकत नाही आणि पहिल्या दोघांशी कोणाला बोलू देत नाही. बाहेरून ही तिसरी भूमिका बिनकामाची वाटते, पण माझ्या मते तीच सर्वाधिक चुका टाळते. दुसऱ्या माणसाची मान नुसती डोलू लागली की त्याचा उपयोग संपतो. म्हणून दर तासाला दोघांनी जागा बदलाव्यात. आज्ञा आठवणीतून टाइप करू नयेत, कागदावरून कॉपी कराव्यात, आणि टर्मिनलमध्ये जे दिसते ते सगळे फाइलीत साठत राहील अशी सोय सुरुवातीलाच करावी. कागदावर नसलेली कोणतीही पायरी सुचली, तर ती आधी लिहावी, मग करावी. लिहिताना दोन मिनिटे जातात आणि त्या दोन मिनिटांत बऱ्याच कल्पना मागे घेतल्या जातात.

वरिष्ठांना वेळ सांगताना मागच्या तालमीत प्रत्यक्ष लागलेला वेळ सांगावा, आणि तालीम झालेली नसेल तर अंदाज सांगूच नये. कमी वेळ सांगून तो पाळण्यासाठी तपासणी गाळणे, हा चुकांचा नेहमीचा उगम आहे.

तालीम दर महिन्याला, शेवटचा बॅकअप नव्या मशीनवर आपोआप उभा करून व्हावी, आणि तिमाहीत एकदा ती तिघांपैकी ज्याने कागद लिहिलेला नाही त्याने हाताने करावी. तो जिथे अडेल तिथे कागद अपुरा आहे. बेस बॅकअपसाठी पीजी व्हेरिफायबॅकअप हे तपासणीचे साधन जरूर चालवावे, पण ते फाइली शाबूत आहेत एवढेच सांगते. सर्व्हर उठेल आणि डेटा अर्थपूर्ण असेल हे नाही. त्यासाठी अनुप्रयोगाच्या भाषेतले प्रश्न तयार ठेवावेत: कालच्या शेवटच्या पावतीचा क्रमांक, महिन्याची जमा, सक्रिय खात्यांची संख्या. ही उत्तरे रोज बॅकअपच्या वेळी काढून बॅकअपसोबतच साठवली, तर रिस्टोअरच्या रात्री तुलना करायला काहीतरी हाताशी असते. आणि सूचना 'बॅकअप फसला' यावर बांधू नये, 'ठरलेल्या वेळेत यशाची नोंद आली नाही' यावर बांधावी, म्हणजे ईमेल वाटेतच अडला तरी मौन ऐकू येते.

राहता राहिली नाव बदलून ठेवलेली ती जुनी प्रत. नव्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप निघून तो दुसऱ्या मशीनवर उभा राहून दाखवला गेला आहे, आणि हिशेब विभागाने किमान एक महिनाअखेर नव्या डेटावर पार पाडली आहे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय तिला हात लावू नये. त्यानंतरही आधी तिच्यावरचे सर्वांचे वाचण्याचे हक्क काढून आठवडाभर थांबावे; कोणता तरी विसरलेला अहवाल तिच्यावर चालत असेल तर तो तेवढ्यात बंद पडून कळतो. मग ती पुसण्याचे काम दिवसा, कामाच्या वेळेत, रिस्टोअर केलेल्या माणसाऐवजी दुसऱ्याने, वेगळ्या नोंदीखाली करावे.